मोर्चात धरता येईल असा फलक: हाताने रंगवलेल्या निषेध-फलकाची रचना

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला सत्राच्या प्रकल्पासाठी संगणक न वापरता, संपूर्ण हाताने, एक निषेध-फलक तयार करायचा आहे. तिच्या शहरात रस्तारुंदीकरणासाठी वडाची जुनी झाडे तोडली जाणार आहेत आणि तिने तोच विषय घेतला आहे. ‘पर्यावरणाचे रक्षण हेच जीवनाचे रक्षण, वृक्ष वाचवा, भविष्य घडवा’ अशी ओळ आणि तिच्याखाली अश्रू ढाळणारे झाड, असा तिचा पहिला आराखडा आहे. अक्षरे कशी काढावीत, रंग कोणते घ्यावेत, फलक कशावर करावा, आणि प्रदर्शनासाठी केलेला असा फलक खोटा तर वाटणार नाही ना, असे तिने विचारले आहे.

तुमची शेवटची शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो. निषेध-फलक ही भिंतीवर टांगण्यासाठी केलेली वस्तू नाही. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाने तो हातात धरायचा असतो, आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत, बसमधून किंवा दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाने तो दोन-तीन सेकंदांत वाचायचा असतो. वाक्याची लांबी, अक्षराची उंची, रेषेची जाडी, रंग, पुठ्ठ्याचे वजन, काठीची लांबी हे सगळे निर्णय या दोन माणसांवरून ठरतात. खऱ्या मोर्चात उपयोगी पडेल असा फलक प्रदर्शनातही उभा राहतो. केवळ प्रदर्शनासाठी सजवलेला फलक मात्र रस्त्यावर बहुधा वाचताच येत नाही, आणि त्याचा खोटेपणा तिथेच उघडा पडतो. म्हणून तुमचा प्रकल्प कलादालनासाठी असला, तरी उद्या सकाळी त्या वडाखाली जमणाऱ्या लोकांच्या हातात हा फलक द्यायचा आहे असे धरूनच काम करा. जमल्यास तो खरोखर द्या.

त्यासाठी पहिले काम पेन्सिल हातात घेण्याआधीचे आहे. त्या रस्त्यावर जा. झाडाखाली कोण बसते, कोण विकते, कोण थांबते ते पाहा, त्यांच्याशी बोला, आणि ते झाडाविषयी कोणते शब्द वापरतात ते तसेच वहीत उतरवून घ्या. झाडाखाली दुकान मांडणारा माणूस ‘पर्यावरण’ हा शब्द क्वचितच उच्चारेल. तो ‘सावली’ म्हणेल, ‘पार’ म्हणेल, कदाचित झाडाला नावाने ओळखत असेल. फलकाचे वाक्य बहुतेक वेळा अशाच बोलण्यात सापडते. किती झाडे तोडायची आहेत, सूचना कोणी काढली, हरकत नोंदवण्याची मुदत कधीपर्यंत आहे ही माहितीही लेखी मिळवा, कारण फलकावर एखादा आकडा लिहिणार असाल तर तो कागदोपत्री सिद्ध करता आलाच पाहिजे. एका चुकीच्या आकड्यामुळे संपूर्ण आंदोलनाचे म्हणणे खोडून काढणे विरोधकांना सोपे जाते.

आता तुमच्या ओळीकडे वळतो. ती वाईट नाही, परंतु ती फलकाची ओळ नाही. तिच्यात नऊ शब्द आहेत, तीन वेगवेगळी आवाहने आहेत, आणि कोणत्याही गावातल्या, कोणत्याही वर्षीच्या वृक्षदिंडीत ती तशीच चालेल. ज्या वडावर कुऱ्हाड येणार आहे तो वड तिच्यात नाही. शिवाय मोठ्याने द्यायची घोषणा आणि फलकावर लिहायचे वाक्य यांत फरक असतो. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा हजारो कंठांतून निघाली, कारण तिला ताल आहे आणि शेवटच्या दोन शब्दांवर सगळ्या गर्दीला एकत्र जोर देता येतो. परंतु हेच वाक्य एका माणसाच्या हातातल्या पुठ्ठ्यावर बसवायला गेलात तर अक्षरे इतकी लहान करावी लागतील की पंचवीस-तीस फुटांपलीकडे वाचणे कठीण होईल. कानाला लांबी चालते, चालत्या डोळ्याला ती चालत नाही. माझा आग्रह असा की, एका माणसाने धरायच्या फलकावर तीन ते पाच शब्द असावेत, आणि त्यांत एकच म्हणणे असावे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील मेंफिस शहराचे आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये कचरागाडीच्या यंत्रात सापडून दोन सफाई कामगारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तिथल्या सुमारे १,३०० कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या हातांतील फलकांवर ‘आय ॲम अ मॅन’, म्हणजे ‘मी माणूस आहे’, एवढेच चार लहान शब्द होते आणि त्यांतल्या दुसऱ्या शब्दाखाली एक जाड रेघ होती. पगार, सुरक्षितता, संघटनेला मान्यता या मागण्या त्या फलकांवर नव्हत्या, तरी त्या सगळ्या मागण्यांचे मूळ त्यांवर होते. ते फलक छापलेले होते, हाताने रंगवलेले नव्हते. तरीही दोन गोष्टी त्यांच्याकडून शिकता येतात. एक म्हणजे शब्द कमी केल्याने म्हणणे लहान होत नाही. दुसरी अशी की, एकच वाक्य शेकडो हातांत दिसले की प्रत्येक फलक शेजारच्या फलकाचे बळ वाढवतो. तुमच्या प्रकल्पात एकच फलक मागितला असला, तरी तो दहा जणांच्या हातांत कसा दिसेल याचे एक लहान रेखाटन जरूर जोडा.

तुमच्या विषयासाठी मी दोन वाक्ये सुचवतो: ‘हा वड तोडू नका’ आणि ‘हा वड राहणार’. ‘वृक्ष’ऐवजी ‘वड’ घेण्याची दोन कारणे आहेत. नाव घेतल्याने झाड डोळ्यांसमोर उभे राहते हे पहिले. दुसरे अक्षरकलेचे आहे. ‘वृक्ष’ या शब्दात ‘वृ’ची खालची गाठ आणि ‘क्ष’चे दाट जोडाक्षर आहे, आणि दुरून या दोन्हींचा काळा ठिपका होतो. ‘वड’ ही दोन सुटी, मोकळी अक्षरे आहेत. ‘हा’ हा शब्दही सोडू नका. झाडाकडे बोट दाखवण्याचे काम तो करतो, आणि फलक प्रत्यक्ष त्या झाडाखाली धरला जातो तेव्हा त्याचा अर्थ पूर्ण होतो. दोन वाक्यांचा सूर वेगळा आहे. पहिले विनंती करते, दुसरे निर्धार सांगते. कोणते घ्यायचे हे तुम्ही ज्यांच्याशी बोललात त्या लोकांच्या मनःस्थितीवरून ठरवा. माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि त्यामागे सुरापलीकडचे, देवनागरी लिपीच्या बांधणीतले एक ठोस कारण आहे. ते नीट समजून घेतलेत तर पुढचे सगळे सोपे होईल.

अंतरासाठी पाटी रंगवणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची १ इंच. हा हिशेब मुळात रोमन मोठ्या अक्षरांसाठीचा आहे. देवनागरीला तो लावताना उंची कुठून कुठपर्यंत मोजायची हा प्रश्न येतो, कारण आपल्या लिपीचे तीन मजले आहेत. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात. शिरोरेषा आणि पायरेषा यांच्यामध्ये अक्षराचे मूळ अंग असते. पायरेषेखाली उकार आणि ऋकार लोंबतात. वाचनीयता ठरते ती मधल्या मजल्यावरून. वरखाली काहीतरी असले की प्रत्येक बाजूला मूळ उंचीच्या साधारण एक-तृतीयांश जागा द्यावी लागते, आणि ती जागा मधल्या मजल्यातून कापली जाते.

बाजारात मिळणारा जाड कार्डपेपर बहुधा २२ × २८ इंचांचा असतो. तो आडवा धरा. ‘हा वड’ वरच्या ओळीत आणि ‘राहणार’ खालच्या ओळीत घेतले, तर या संपूर्ण वाक्यात वर मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही, खाली उकार नाही; आहेत ते फक्त काने. त्यामुळे वरखाली तीन-तीन इंच समास आणि दोन ओळींमध्ये दोन इंच जागा सोडूनही प्रत्येक ओळीला सात इंच उंचीची अक्षरे मिळतात, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून उरलेल्या चोवीस इंच रुंदीत ‘राहणार’ बेताने पण नीट बसतो. वरच्या हिशेबाने हा फलक ७० फुटांवरून, म्हणजे रुंद रस्त्याच्या पलीकडून, सहज वाचता येईल. ‘तोडू नका’ घेतले की ‘तो’ची मात्रा वर जाते, ‘डू’चा उकार खाली येतो, ओळीची रुंदीही वाढते, आणि त्याच कागदावर अक्षराची उंची साडेपाच इंचांच्या आसपास अडते. तुमच्या मूळ ओळीला याच कागदावर दोन इंचांची उंची मिळवतानाही ओढाताण होईल. वाक्य निवडताना अर्थाबरोबर मात्रा-उकार मोजण्याची सवय लावून घ्या. मराठीत फलक लिहिणाऱ्याला इंग्रजी पुस्तकांतून न मिळणारे हे ज्ञान आहे.

रेषेची जाडी मूळ उंचीच्या पाचव्या ते सहाव्या हिश्श्याइतकी ठेवा; सात इंचांच्या अक्षरासाठी सव्वा इंच योग्य होईल. त्याहून जाड केलीत तर ‘व’चे पोट बुजते, आणि बारीक केलीत तर रेषा कागदाच्या पांढऱ्यात विरून जाते. शिरोरेषा उभ्या दांड्यांपेक्षा किंचित बारीक ठेवा, कारण सारख्या जाडीची आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड दिसते. शिरोरेषा शब्दागणिक तोडा आणि दोन शब्दांमधली जागा जरा मोकळी ठेवा. नवेपणा आणण्यासाठी शिरोरेषा काढूनच टाकण्याचा मोह अनेकांना होतो. शीर्षकलेखनात ते शोभते, परंतु दुरून वाचताना शिरोरेषाच शब्दाला एकत्र बांधते. शिवाय ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ या जोड्यांमधला फरक तिच्यावरच उभा आहे. फलकावर ती ठेवावी असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या वाक्यात दोन ठिकाणी विशेष काळजी घ्या. ‘ह’ आणि ‘ड’ यांचा वरचा भाग सारखा असल्याने ‘ह’ची खालची गाठ स्पष्ट, मोठी आणि मोकळी काढा, आणि ‘ड’चा शेवट साधा, गोलसर ठेवा. ‘णा’मध्ये उभ्या रेषा एकापाठोपाठ येतात, म्हणून त्यांच्यामधली पांढरी जागा जवळपास रेषेच्या जाडीइतकी राहील असे पाहा, त्यासाठी ‘र’ थोडा अरुंद करावा लागला तरी चालेल. वाक्य बदललेत तर ‘र’नंतर लगेच ‘व’ येत नाही ना हे तपासा, कारण दुरून ते जोडपे ‘ख’ वाचले जाते. ‘ल’ आणि ‘श’ आले तर मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’, काढा. मराठी वाचकाच्या डोळ्याला ती वळणे ओळखीची आहेत आणि तुमचा वाचक तोच आहे.

हे सगळे शिकण्यासाठी जुन्या कामांकडे पाहा. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे पाहिलीत तर शब्दाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो ते कळेल. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांचे काम पाहिलेत तर देवनागरीच्या बांधणीकडे किती खोलवर पाहता येते ते कळेल. मात्र फलकासाठी माझ्या मते सर्वांत जवळचा गुरू म्हणजे तुमच्या गावातला पाट्या रंगवणारा पेंटर. फ्लेक्स आल्यापासून या माणसांचे काम फार कमी झाले आहे, तरी ते अजून आहेत. दोन बाजूंना दोरी ताणून, तिला निळीत किंवा खडूच्या भुकटीत बुडवून भिंतीवर सूत कसे मारतात, चपट्या ब्रशने रेषेची एक कड आधी पक्की करून मग दुसरी कशी काढतात, मनगट टेकवण्यासाठी काठीचा आधार कसा घेतात, हे अर्धा दिवस शेजारी बसून पाहण्यासारखे आहे. एसटीच्या गाड्यांवरच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या गावांच्या पाट्या याच हातांनी केल्या होत्या, आणि धुळीत, गर्दीत, संध्याकाळच्या उजेडात त्या वाचता येत असत.

प्रत्यक्ष रंगवताना आधी कागदावर पेन्सिलीने शिरोरेषा आणि पायरेषा आखा, मग अक्षरांची नुसती मधली रेघ हलक्या हाताने काढून रुंदीचा अंदाज घ्या, आणि ओळ बसते आहे याची खात्री झाल्यावरच जाडी द्या. अक्षरांमधले अंतर मोजपट्टीने समान करू नका. दोन उभे दांडे शेजारी आले तर जास्त अंतर लागते, गोल पोटे शेजारी आली तर कमी. मधली पांढरी जागा डोळ्याला सारखी दिसली पाहिजे. शिरोरेषा शेवटी ओढा. आणि काम जितके नीट करता येईल तितके नीट करा. ‘हाताने केलेले वाटावे’ म्हणून मुद्दाम वाकडी अक्षरे, ओघळ आणि रंगाचे शिंतोडे काढणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहतो. ज्यांचे घर किंवा झाड जाणार आहे अशी माणसे फलक रंगवतात तेव्हा ती जमेल तितके सुवाच्यच लिहितात, कारण त्यांना तो वाचला जायला हवा असतो. हाताचे अस्तित्व रेषेच्या किंचित कमीजास्त दाबातून आपोआप उमटते. त्याचे नाटक करण्याची गरज नाही.

चित्राविषयी मी थोडक्यात सांगतो. अश्रू ढाळणारे झाड काढू नका. झाडाला माणसाचा चेहरा दिला की पाहणाऱ्याला शाळेतल्या स्पर्धेची आठवण होते आणि विषयाचे गांभीर्य जाते. चित्र हवेच असेल तर एकच सपाट आकार घ्या, तो अक्षरांच्याच रंगात भरा, आणि त्याच्यासाठी अक्षरांची उंची कमी करू नका. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या ललित कला विद्यालयात विद्यार्थ्यांनी आणि कलावंतांनी मिळून चालवलेल्या लोक-कार्यशाळेतली भित्तिपत्रके या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. ती बहुतांशी एकाच रंगात, जाड सपाट आकारांत, रेशीमपडदा छपाईने (स्क्रीन प्रिंटिंगने) केलेली आणि कोणाच्याही सहीविना होती. रातोरात, थोड्या पैशांत, मोठ्या संख्येने काम काढायचे असल्यामुळे ती शैली घडली. तुमच्या वाक्यात चित्राची जागा मुळातच ‘हा’ या शब्दाने घेतली आहे, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर चित्र वगळले असते.

रंगाचा विचार दोन पातळ्यांवर करावा लागतो. पहिली पातळी उठावाची आहे. पांढऱ्यावर काळा आणि पिवळ्यावर काळा या जोड्या दुरून सर्वांत स्पष्ट दिसतात. झाडाचा विषय म्हणून हिरवी अक्षरे खाकी पुठ्ठ्यावर काढलीत तर दोन्ही रंगांचा उजळपणा जवळपास सारखा असल्याने वीस पावलांवर अक्षर विरून जाईल. लाल रंग दुपारी झळकतो, पण संध्याकाळी प्रकाश मंदावला की तो काळपट दिसू लागतो. मंद प्रकाशात डोळ्याची लाल रंगाविषयीची संवेदना आधी घटते, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. लाल वापरायचाच असेल तर पांढऱ्यावर आणि एखाद्याच शब्दासाठी वापरा. दुसरी पातळी अर्थाची आहे. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर कोणताही रंग कोरा नसतो. निळा आंबेडकरी चळवळीचा आहे, लाल कामगार-किसान संघटनांचा आहे, भगव्यामागे वारीपासून राजकीय पक्षांपर्यंत अनेक अर्थ आहेत, आणि हिरव्याचेही तसेच. यांपैकी एखाद्या परंपरेशी तुमच्या फलकाचे नाते असेल तर तो रंग अभिमानाने घ्या; नसेल तर नकळत घेऊ नका. सर्व पक्षांचे आणि सर्व वस्त्यांचे लोक ज्या वडाखाली बसतात त्याच्यासाठी पिवळ्यावर काळा मला योग्य वाटतो.

साहित्य साधे आणि जवळ मिळणारे घ्या. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतली झाडे तोडायला ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री सुरुवात झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती तोड थांबवण्यास सांगितले. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. अशा वेळी फलक करायला माणसाच्या हाताशी एक रात्र असते, आणि घरातला खोक्याचा पुठ्ठा आणि उरलेला भिंतीचा रंग एवढेच असते. तुमचा फलकही तेवढ्यात होण्यासारखा असावा. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घेतलात तर आतल्या पन्हळी उभ्या राहतील असा कापा, म्हणजे तो वाऱ्याने मधोमध दुमडत नाही. आधी दोन्ही बाजूंना पांढऱ्या प्लॅस्टिक पेंटचा पातळ हात द्या. एकाच बाजूला दिलात तर वाळताना पुठ्ठा वाकतो. अक्षरांसाठी काळा ॲक्रिलिक किंवा प्लॅस्टिक पेंटमध्ये काळे स्टेनर मिसळून केलेला दाट रंग चालेल. पोस्टर कलर प्रदर्शनात सुंदर दिसतो, पण पावसाच्या पहिल्या सरीत वाहून जातो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा धोका रोजचा आहे. वरून चकचकीत वॉर्निश किंवा लॅमिनेशन करू नका, कारण त्यावर ऊन चमकते आणि छायाचित्रात अक्षराऐवजी पांढरा डाग येतो. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि झाडासाठीच्या फलकाला तो तसाही शोभणारा नाही.

दोघांनी धरायचा लांब फलक करायचा असेल तर मांजरपाट घ्या. कापड धुऊन त्याची मूळची खळ काढा, वाळवून चौकटीवर ताणा, पातळ खळ देऊन पुन्हा वाळू द्या आणि मगच रंगवा. नाहीतर रंग धाग्याधाग्यांतून पसरतो आणि अक्षराची कड फाटते. दोन्ही टोकांना काठीसाठी नेफा शिवा.

काठीचा विचार विद्यार्थी सहसा शेवटी करतात, खरे तर तो आधी करायला हवा. फलकाच्या मागे उंचीच्या दोन-तृतीयांशापर्यंत काठी गेली नाही तर वरचा भाग मागे कलतो. जाड बांबू किंवा लोखंडी नळी वापरू नका. हात थकतो, गर्दीत कोणाला लागू शकते, आणि बंदोबस्तावरचे पोलीस ती बाजूला ठेवायला सांगू शकतात. आपल्या संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार दिला आहे. हातातली वस्तू शस्त्र वाटू नये ही काळजी आपण घ्यावी. कापडाच्या ताग्याच्या आतली कागदी नळी हा उत्तम पर्याय आहे. काठीशिवाय छातीशी धरायचा फलक असेल तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटे येतात, म्हणून तिथे अक्षर येऊ देऊ नका.

फलक म्हणजे पुठ्ठा आणि काठीच असे मात्र नाही. १९७२ नंतर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात हजारो स्त्रिया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. रिकामी थाळी हाच त्यांचा फलक होता, आणि तो वाजवताही येत होता. तुमच्या विषयाचे असे एखादे साधन आहे का याचा विचार अवश्य करा. वटपौर्णिमेला खोडाभोवती गुंडाळलेला दोरा, पारावरची बसण्याची गोणपाटे, झाडाखालच्या विक्रेत्याची टोपली, यांपैकी कशावर तरी हे तीन शब्द आले तर काय घडेल? फक्त झाडाला खिळे ठोकू नका आणि सार्वजनिक भिंतींवर काही चिकटवू नका. झाडाला खिळा ठोकून त्याच झाडाला वाचवण्याची भाषा करणे विसंगत आहे, आणि भिंती रंगवण्या-चिकटवण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे.

भाषेविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर करण्याची, ‘बांगड्या भरा’ म्हणण्याची आपल्या आंदोलनांत जुनी रीत आहे. तिच्यातून अपमान होतो तो बांगड्या घालणाऱ्या सगळ्या स्त्रियांचा, आणि त्याच स्त्रिया बहुधा मोर्चात पुढे चालत असतात. जातीवरून, शरीरावरून, व्यंगावरून केलेली टीकाही फलकावर नको. एखाद्या व्यक्तीचे नाव घेण्यापेक्षा निर्णयाचे नाव घ्या. पुणेरी पाटीची शैली अनेकांना खुणावते, परंतु ती पाटी दारात उभ्या असलेल्या एकाच वाचकासाठी, सावकाश वाचण्यासाठी लिहिलेली असते. तिचा टोमणा पन्नास फुटांवर पोहोचत नाही.

फलक वाळला की त्याची परीक्षा घ्या. महाविद्यालयाच्या मैदानावर सत्तर फूट मोजा, ज्याला वाक्य माहीत नाही अशा माणसाला तिथे उभे करा, फलक तीन सेकंद दाखवून खाली घ्या आणि त्याने काय वाचले ते विचारा. हे ऊन डोक्यावर असताना करा आणि पुन्हा दिवेलागणीला करा. मग फोनवर छायाचित्र काढून ते टपाल तिकिटाएवढे लहान करा आणि त्यातले रंग काढून टाका; तरी वाचता आले तर वृत्तपत्रातही वाचता येईल. शेवटी तो अर्धा तास हातात धरून चाला. खांदा कुठे दुखतो, वारा कुठून लागतो हे कळल्यावर फलकात एखादा बदल नक्कीच करावासा वाटेल.

प्रदर्शनात तो काचेच्या चौकटीत बसवू नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१४–१५ मध्ये चळवळींतल्या अशा वस्तूंचे एक स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. त्यातल्या वस्तू रस्त्यावर वापरल्या जाण्यासाठी घडलेल्या होत्या, आणि त्याच कारणाने त्या पाहण्यासारख्या होत्या. तुमचा फलक खरोखर त्या वडाखाली धरला गेला असेल तर त्यावरचे हाताचे डाग आणि दुमडलेला कोपरा तसाच राहू द्या. तो डोळ्यांच्या उंचीवर टांगण्यापेक्षा मोर्चात जितका उंच असतो तितका, साधारण सात फुटांवर, काठीसकट उभा करा आणि पाहणाऱ्याला मागे सरकायला जागा ठेवा. सोबतच्या टिपणात चळवळींचा सर्वसाधारण इतिहास लिहू नका. कोणाशी बोललात, कोणती वाक्ये विचारात घेतली आणि का सोडली, अक्षराची उंची कोणत्या अंतरासाठी ठरवली, आणि मैदानावरच्या परीक्षेत काय वाचले गेले, एवढे एका पानात लिहा. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख, रस्त्याचे नाव आणि तो वड कोणत्या चौकात आहे याची नोंद करून ठेवा.